परमुलखातील बिऱ्हाड

‘घर पाहावे बांधून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. घर बांधताना माणसाच्या पैशाची, धीराची आणि स्वभावाचीही परीक्षा होते, हा तिचा अर्थ. परंतु जो पोटापाण्यासाठी आपले गाव सोडून परमुलखात जातो, त्याला घर बांधायचे नसते. त्याला परक्याच्या घरात भाड्याने राहायचे असते. ही परीक्षाही सोपी नाही. बांधणाऱ्याने विटा आणि चुना जमवला म्हणजे भिंत उभी राहते. भाड्याचे घर शोधणाऱ्याला मात्र अनोळखी माणसाच्या मनात आपल्याविषयी विश्वास उभा करावा लागतो. नाशिकहून जर्मनीस गेलेल्या एका तरुण तंत्रज्ञाची ही हकीगत अशाच परीक्षेची आहे.

हा तरुण नाशिकच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात यंत्रांची देखभाल करीत असे. यंत्राचा आवाज ऐकूनच दोष कोठे आहे हे तो ओळखी. जर्मनीत कुशल कामगारांची उणीव आहे. त्या देशातील बाडेन-वुर्टेम्बर्ग हे राज्य आणि महाराष्ट्र यांच्यात २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळासंबंधी करारही झाला. या राज्याची राजधानी स्टुटगार्ट होय. मुंबई आणि स्टुटगार्ट ही तर १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत. तेथील एका कारखान्याने या तरुणाला बोलावले. वर्षभर जर्मन भाषा शिकून, तिची परीक्षा देऊन, २०२४ च्या ऑक्टोबर महिन्यात तो स्टुटगार्टला पोहोचला. पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी मागे नाशिकलाच राहिल्या.

स्टुटगार्ट हे शहर एखाद्या कढईसारखे आहे. चहूबाजूंनी टेकड्या, मध्ये खोलगट भाग आणि जवळून वाहणारी नेकर नदी. टेकड्यांच्या उतारांवर, अगदी शहराच्या हद्दीत, द्राक्षांचे मळे आहेत. ते पाहून या नाशिककराला क्षणभर आपल्या गावीच आल्यासारखे वाटले. वरच्या वस्तीतून खाली उतरण्यासाठी जागोजागी दगडी जिने बांधलेले आहेत. तसे शेकडो जिने त्या शहरात आहेत. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बवर्षावाने शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला होता. तो पुन्हा उभा राहिला, कारखाने वाढले, तेव्हा हात कमी पडू लागले. मग जर्मनीने १९५५ मध्ये इटलीशी आणि १९६१ मध्ये तुर्कस्तानाशी करार करून कामगार आणवले. त्यांना ‘पाहुणे कामगार’ म्हणत. अशा पुष्कळ कामगारांना वसतिगृहांत दाटीवाटीने राहावे लागे आणि स्वतंत्र घर मागायला गेले, तर कित्येक दारे त्यांच्यासाठी उघडत नसत. २००६ मध्ये जर्मनीत समान वागणुकीचा कायदा झाला. वंशावरून माणसाला डावलणे त्या कायद्याने मना केले. घर भाड्याने देण्याचा व्यवहारही त्यात आला.

कारखान्याने या तरुणाला तीन महिन्यांपुरती एक लहानशी खोली दिली होती. तिच्यात एकट्यानेच राहावे, असा नियम होता. तीन महिन्यांत स्वतःचे बिऱ्हाड शोधणे भाग होते. ते मिळाल्याशिवाय पत्नीला व मुलीला आणता येत नव्हते. दर रविवारी मुलगी दूरध्वनीवर विचारी, “बाबा, आपल्या घराला खिडक्या किती आहेत?” तो म्हणे, “अजून मोजल्या नाहीत गं.”

घर शोधू लागल्यावर त्याला कळले, की तेथे घरांची मोजणीच निराळी आहे. आपल्याकडे स्वयंपाकघर ही एक खोली धरतात. जर्मनीत बैठकीच्या आणि झोपण्याच्या खोल्याच तेवढ्या मोजतात. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर हिशेबात येत नाही. रिकामे घर म्हणजे तेथे खरोखरच रिकामे असते. कित्येक घरांत ओटा नसतो, कपाटे नसतात, छतातून दिव्याच्या नुसत्या तारा लोंबत असतात. भाडेही दोन प्रकारचे. नुसत्या जागेच्या भाड्याला ‘काल्टमीटे’ म्हणजे ‘थंड भाडे’ म्हणतात. त्यात खोल्या तापवण्याचा, पाण्याचा आणि केरकचरा नेण्याचा खर्च मिळवला, की ते ‘वार्ममीटे’ म्हणजे ‘उबदार भाडे’ होते. समजा, थंड भाडे ९०० युरो आहे आणि वरचा खर्च २३० युरो आहे; तर दरमहा ११३० युरो द्यावे लागतील. थंडीने नद्यानाले गोठवणाऱ्या मुलखात उबेला स्वतंत्र किंमत असावी, यात नवल नाही. घर घेताना अनामत रक्कमही ठेवावी लागते. ती थंड भाड्याच्या तिपटीहून अधिक असू नये आणि भाडेकरूला ती तीन हप्त्यांत देता यावी, असा तेथील कायदा आहे. मालकाने ती आपल्या पैशांत न मिसळता वेगळी ठेवावी लागते.

जर्मनीत निम्म्याहून अधिक लोक भाड्याच्याच घरात राहतात. त्यामुळे भाडेकरूला तेथे कोणी कमी लेखत नाही. परंतु मोठ्या शहरांत मागणी फार आणि घरे थोडी, अशी स्थिती आहे. आमच्या तरुणाने पहिल्या महिन्यात एकंदर एकेचाळीस पत्रे पाठवली. उत्तरे आली पाच. एका संध्याकाळी तो घर पाहायला गेला, तर दारापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत जिन्यात रांग लागली होती. प्रत्येकाच्या हाती कागदांची एक वही होती. तीत तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, स्वतःविषयीची माहिती आणि ‘शूफा’चा दाखला असे. शूफा ही १९२७ मध्ये स्थापन झालेली संस्था आहे. कोणी कर्ज वेळेवर फेडले, कोणी देणी थकवली, याची नोंद तिच्याकडे असते. आमच्या तरुणाविषयी तिच्याकडे वाईट काहीच नव्हते. पण चांगलेही काही नव्हते. त्याचे पान कोरे होते. कर्जबुडव्यापेक्षा कोरे पान बरे, असे आपल्याला वाटेल. परंतु रांगेतील तीस जणांत ज्याची पाने भरलेली आहेत, त्यालाच मालक आधी निवडतो.

डिसेंबर उजाडला. दिवस लहान झाले. दुपारी साडेचारलाच दिवे लागू लागले. अशातच एक पत्र आले. शहराच्या मध्यभागी तीन खोल्यांचे सजवलेले घर आणि भाडे इतरांच्या निम्मे! मालकाने लिहिले होते, की आपण सध्या दुसऱ्या देशात आहोत. १५०० युरो अनामत पाठवावी, म्हणजे किल्ली टपालाने धाडू. तरुणाला हर्ष झाला. पैसे पाठवण्यापूर्वी त्याने ते पत्र कारखान्यातील एका ज्येष्ठ सहकाऱ्याला दाखवले. हे गृहस्थ मूळचे कोल्हापूरचे; वीस वर्षे तेथे राहिलेले. तरुण त्यांना काका म्हणत असे.

काकांनी पत्र दोनदा वाचले आणि विचारले, “घर आतून पाहिलेस का?”

“नाही, काका. नुसती चित्रे पाहिली.”

“मग हे घर नव्हे, चित्रच आहे. किल्ली हातात आल्यावाचून पैसा हातातून सोडू नये. स्टुटगार्ट काय नि कोल्हापूर काय, हा नियम एकच.”

तरुणाने पैसे पाठवले नाहीत. आठवड्याभराने दुसऱ्या एका कामगाराने त्याच घराचे तेच पत्र दाखवले. फक्त मालकाचे नाव निराळे होते.

याहून कठीण प्रसंग पुढे आला. एका मालकाला त्याची वागणूक आवडली. परंतु अर्जात ‘राहणारी माणसे किती?’ असा प्रश्न होता, आणि मालकाला लहान मूल नको आहे, हे त्याच्या बोलण्यावरून दिसत होते. कोणी सुचवले, “सध्या दोनच लिही. मुलगी मागाहून आली, तर कोण काय करणार?” तरुण रात्रभर विचार करीत राहिला. मुदत संपायला चार आठवडे उरले होते. खोटे लिहिले, तर घर मिळणार होते. पण त्या घरात मुलीने मोठ्याने हसावे की नाही, याची रोज धास्ती बाळगावी लागणार होती. सकाळी त्याने अर्जावर ‘तीन’ असा आकडा लिहिला. ते घर दुसऱ्याला गेले.

त्या दिवशी पत्नीशी बोलताना त्याचा कंठ दाटून आला. ती म्हणाली, “तुमचं पान कोरं आहे म्हणता, पण आपण सहा वर्षं आजींच्या खोलीत राहिलो, ते कुठंच लिहिलेलं नाही का?”

या प्रश्नामागे एक जुनी आठवण होती. २०१८ मध्ये तो धुळे जिल्ह्यातून नाशिकला आला, तेव्हाही त्याला राहायला जागा मिळत नव्हती. तीन ठिकाणी खोली रिकामी होती, परंतु त्याचे आडनाव ऐकल्यावर तिन्ही ठिकाणी एकच उत्तर मिळाले, “जागा कालच दिली.” चौथ्या घरी एक वृद्ध बाई भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांनी आडनाव विचारले नाही. त्यांनी विचारले, “जिना झाडशील ना रे? माझे गुडघे दुखतात.” तेथे तो सहा वर्षे राहिला.

जागेसाठी दारोदार हिंडावे लागणे ही गोष्ट आपल्या देशात थोरामोठ्यांनीही सोसली आहे. अमेरिकेत व इंग्लंडमध्ये शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. अस्पृश्य मानलेल्या जातीच्या माणसाला त्या शहरात कोणी जागा देईना. नाव पालटून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. परंतु ओळख उघड होताच काठ्या घेतलेले लोक चालून आले आणि त्यांना ती जागा सोडावी लागली. दुसरीकडे कोठेही आसरा मिळाला नाही. मुंबईची गाडी सुटेपर्यंतचा वेळ त्यांनी कमाठी बागेत बसून काढला. पुढे १९२१-२२ मध्ये लंडनला शिकत असताना ते ज्या घरी राहिले, ते घर २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने विकत घेतले. आज तेथे त्यांचे स्मारक आहे. परक्या देशात ज्याला छप्पर मिळाले, त्याला स्वदेशात बागेत बसावे लागले, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

पत्नी दुसऱ्याच दिवशी आजींकडे गेली. जर्मनीत जुन्या घरमालकाचे पत्र मागण्याची चाल आहे. भाडेकरूने भाडे थकवले नाही, एवढे त्यात लिहिलेले असते. आजींनी मात्र स्वतःच्या शब्दांत सविस्तर पत्र लिहिले. पत्रात त्यांनी एक गोष्ट लपवली नाही. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे कारखाना बंद पडला, तेव्हा दोन महिन्यांचे भाडे उशिरा आले होते. आजींनी लिहिले, की भाडे देण्याचा दिवस उगवण्यापूर्वीच तो आपल्याकडे येऊन अडचण सांगून गेला, आणि दिवाळीच्या आत त्याने सारी रक्कम फेडली. जिना मात्र त्याही दोन महिन्यांत रोज झाडला गेला. तरुणाने पत्राचे जर्मन भाषांतर करून घेतले आणि ते आपल्या वहीत सर्वांत वर ठेवले.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात नेकर नदीकाठच्या बाड कानश्टाट या भागात तो एक घर पाहायला गेला. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मालकीणबाई सत्तरीच्या होत्या आणि खालच्याच मजल्यावर राहत. त्यांनी वही उघडली. पगाराच्या पावत्या पाहिल्या, कराराची प्रत पाहिली आणि मग त्या आजींच्या पत्रापाशी थांबल्या.

“हे पत्र कोणाचे?”

“नाशिकच्या माझ्या घरमालकीणबाईंचे.”

बाई म्हणाल्या, “भाडेकरू फार चांगला आहे, एवढे सगळेच लिहितात. अडचण आली तेव्हा तो कसा वागला, हे या बाईंनी लिहिले आहे. मला तेच हवे होते.” थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “तुम्ही फोडणी करता ना? माझ्या शेजारी पूर्वी एक भारतीय कुटुंब होते.”

“हो, करतो. पण खिडकी उघडून करू.”

“थंडीतही खिडकी रोज थोडा वेळ उघडलीच पाहिजे; नाहीतर भिंतींना बुरशी धरते. आणि मुलीला शाळा जवळ आहे.” शेवटचे वाक्य ऐकून तरुणाला काय उत्तर द्यावे, हे क्षणभर सुचेना.

तीन दिवसांनी होकार आला. करार लिहिला गेला. घर ताब्यात घेताना दोघांनी मिळून प्रत्येक खोली तपासली. दारावरचा ओरखडा, फरशीचा तडा, विजेच्या मापकाचा आकडा, सारे कागदावर उतरवून दोघांनी सह्या केल्या. असे केल्याने पुढे तंटा होत नाही. अनामतीचा पहिला हप्ता त्याने किल्ली हातात घेतल्यावर दिला. नव्या घरी गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगराच्या कचेरीत नाव नोंदवावे लागते. त्यासाठी लागणारा दाखला मालकीणबाईंनी त्याच दिवशी सही करून दिला.

दुसऱ्या सोमवारी त्याच्या दाराच्या मुठीला एक लहानशी पाटी अडकवलेली दिसली. तिच्यावर लिहिले होते, ‘केरवोखे’. हा त्या भागातील जुना रिवाज आहे. त्याचा उगम पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्टुटगार्टमध्ये झालेल्या स्वच्छतेच्या नियमांत सापडतो. घरातील बिऱ्हाडांनी पाळीपाळीने एकेक आठवडा जिना व अंगण झाडावे. ज्याची पाळी, त्याच्या दारावर पाटी. जर्मन भाषेत ‘केर’ म्हणजे झाडणे आणि ‘वोखे’ म्हणजे आठवडा. आपल्या भाषेतला ‘केर’ हा शब्द इतक्या दूरच्या दारावर पाहून तो एकटाच हसला. मग झाडणी घेऊन त्याने वरच्या मजल्यापासून जिना झाडायला प्रारंभ केला. हे काम त्याला कोणी शिकवावे लागले नाही.

मार्च महिन्यात पत्नी आणि मुलगी आल्या. मुलीने चपला काढल्याबरोबर खिडक्या मोजल्या. त्या चार भरल्या.

त्याच आठवड्यात नाशिकहून आजींचा दूरध्वनी आला. त्यांची खोली आता रिकामी झाली होती. “एक मुलगा जागा विचारायला आला आहे,” त्या म्हणाल्या, “दरभंग्याचा आहे. कारखान्यात लागलाय. त्याची भाषा मला नीट कळत नाही आणि इथं त्याच्या ओळखीचंही कोणी नाही. काय करू रे?”

तरुण क्षणभर थांबला. खाली अंगणात मुलगी मालकीणबाईंना बोटांवर मराठी आकडे मोजून दाखवत होती.

“आजी,” तो म्हणाला, “मी आलो तेव्हा माझ्या ओळखीचं तरी तिथं कोण होतं?”

अभ्यास

१. भाड्याचे घर शोधणे ही परीक्षा आहे, असे पाठाच्या आरंभी का म्हटले आहे?

२. ‘थंड भाडे’ आणि ‘उबदार भाडे’ यांतील फरक सांगा.

३. अर्जावर ‘तीन’ हा आकडा लिहिण्यापूर्वी तरुणाच्या मनात कोणते विचार आले असतील? आपल्या शब्दांत लिहा.

४. आजींच्या पत्रातील कोणत्या गोष्टीमुळे मालकीणबाईंचा विश्वास बसला? ती गोष्ट आजींनी लपवली असती, तर काय झाले असते?

५. आजींनी दरभंग्याच्या मुलाला काय उत्तर दिले असेल? त्या दोघांचे संभाषण लिहा.

६. आपल्या गावात बाहेरून आलेल्या एखाद्या कुटुंबाला भेटून, त्यांना राहण्याची जागा कशी मिळाली, याची माहिती मिळवा आणि वर्गात सांगा.